प्रिंटरचा पत्ता कायम करा

धाराशिव जिल्ह्यातल्या लहान कार्यालयांची मांडणी आता जवळपास ठरून गेली आहे. ग्रामपंचायतीतलं आपले सरकार सेवा केंद्र घ्या, कळंबची एखादी पतसंस्था घ्या, तुळजापुरातल्या वकिलांचं ऑफिस घ्या किंवा उमरग्यातल्या शाळेतली लिपिकाची खोली. तीन-चार संगणक, एक राउटर आणि सगळ्यांत मिळून एक प्रिंटर, ज्याच्या डोक्यावर स्कॅनरही बसवलेला. वर्षातले दहा महिने हा संसार कसाबसा चालतो. मग जून-जुलै येतो. शाळा-कॉलेजच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचे, जातीचे, नॉन-क्रिमिलेअरचे दाखले हवे असतात आणि त्याच वेळी खरीप पीकविम्यासाठी सातबारा, आठ-अ, पासबुक आणि पीकपेऱ्याचं स्वयंघोषणापत्र स्कॅन करून चढवायचं असतं. रांग दाराबाहेर गेलेली असताना पडद्यावर ‘प्रिंटर ऑफलाइन’ अशी अक्षरं उमटतात आणि कार्यालयातला पहिला हात प्रिंटरच्या बटणाकडे जातो. दुसरा राउटरच्या प्लगकडे. या लेखाचं म्हणणं असं की हे दोन्ही हात आधी थांबवावेत. सामाईक यंत्रं अडतात तेव्हा बहुतेक वेळा यंत्र धड असतं. संगणकापासून त्याच्यापर्यंतची वाट तुटलेली असते, आणि ती तुटण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे यंत्राचा नेटवर्कवरचा पत्ता बदलणं. तो पत्ता एकदा कायमचा बांधून टाकला तर वर्षभराच्या कटकटींचा मोठा वाटा संपतो.

याचा पुरावा कार्यालयातच मिळतो. प्रिंटरच्या काचेवर कुठलाही कागद ठेवा आणि त्याच्याच बटणाने झेरॉक्स काढा. झेरॉक्स स्वच्छ निघाली तर कागद ओढणारा रोलर, टोनर किंवा शाई, आतलं यंत्र हे सगळं शाबूत आहे आणि संशयितांच्या यादीतून प्रिंटर बाहेर पडला. निघाली नाही तर नेटवर्कचा विचारच करू नका. अडकलेला कागद, संपलेली शाई, उघडं राहिलेलं झाकण हे बघा. दुसरा प्रश्न त्याहून मोलाचा आहे: अडचण एकालाच आहे की सगळ्यांना? एकाच संगणकावरून प्रिंट जात नसेल तर दोष त्या संगणकात किंवा त्याच्या वायरमध्ये. कोणाच्याच जात नसेल तर दोष प्रिंटरच्या जोडणीत, स्विचमध्ये किंवा राउटरमध्ये. एवढा साधा प्रश्न न विचारल्यामुळे चांगल्या चाललेल्या संगणकावरचा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकण्यात अर्धा दिवस जातो. तिसरा प्रश्न, कालपासून आजपर्यंत काय बदललं. लाईट गेली होती का, कोणी नवा राउटर लावला का, विंडोजचा अपडेट येऊन गेला का, कोणी पासवर्ड बदलला का. या तिन्ही उत्तरांवरून कुठे बघायचं ते बरंचसं ठरून जातं, आणि तोवर कशालाही हात लागलेला नसतो.

आपल्याकडे ‘नेट नाही’ आणि ‘सर्व्हर डाऊन आहे’ ही दोन वाक्यं कुठल्याही अडचणीला चालतात, त्यामुळे इथे एक गोष्ट वेगळी काढायला हवी. कार्यालयातला संगणक कार्यालयातल्याच प्रिंटरशी बोलतो तेव्हा त्याला इंटरनेट लागत नाही. बाहेरची फायबर तुटलेली असली तरी राउटर चालू असेल तोवर साधं नोटपॅडवरचं पान छापलं गेलं पाहिजे. ते छापलं जातंय आणि दाखला छापला जात नाही, तर अडचण पोर्टलची किंवा ब्राउझरची आहे. प्रिंटरला तिथे बोल लावण्यात अर्थ नाही.

आता पत्त्याचं. राउटर प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता देतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. हा पत्ता मालकीचा नसतो, भाड्याचा असतो. अनेक राउटरवर त्याची मुदत चोवीस तासांची असते. एरवी मुदत संपत आली की यंत्र तोच पत्ता पुढे चालू करून घेतं, म्हणून महिनोन्‌महिने काही कळत नाही. लाईट जाऊन आली की गोष्ट बदलते. पुष्कळ स्वस्त राउटर कोणाला कोणता पत्ता दिला याची नोंद फक्त तात्पुरत्या स्मरणात ठेवतात आणि बंद पडले की ती पुसली जाते. लाईट आल्यावर राउटर कोऱ्या पाटीने सुरू होतो. समजा प्रिंटरकडे कालपर्यंत शेवटचा आकडा १०४ होता. प्रिंटर तापून तयार होईपर्यंत कोणाचा तरी मोबाईल वायफायला जोडला गेला आणि १०४ त्याला मिळाला. प्रिंटरला मिळाला १०७. संगणकांना याची गंधवार्ता नाही; ते कागद १०४ कडेच पाठवत राहतात आणि तिकडून उत्तर येत नाही म्हणून ‘ऑफलाइन’ लिहितात. उस्मानाबादचं अधिकृत नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं, पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, तरी टपाल चुकलं नाही, कारण शहराचा ४१३५०१ हा पिनकोड तोच राहिला. प्रिंटरच्या बाबतीत नेमकं उलटं घडतं: नाव तेच राहतं आणि पिनकोड रात्रीतून बदलतो.

‘पण सगळं बंद करून चालू केलं की चालतं ना!’ हा यावरचा पहिला आक्षेप, आणि तो खोटा नाही. सगळी यंत्रं पुन्हा सुरू केली की पत्त्यांची वाटणी नव्याने होते आणि कधी कधी प्रिंटरला जुना आकडा परत मिळतो. म्हणजे उपाय लागू पडला तो योगायोगाने. पुढच्या वेळी लाईट गेली की फासा पुन्हा पडणार. शिवाय त्याची किंमत दिसत नसली तरी मोजावी लागते. कोणाचा तरी अर्धा भरलेला अर्ज उडतो. प्रिंट येत नाही म्हणून तिघांनी पाच-पाच वेळा दाबलेलं बटण रांगेत साठलेलं असतं, ते प्रिंटर जागा झाल्यावर एकदम बाहेर पडतं आणि एकाच दाखल्याच्या पंधरा प्रती हातात येतात. सगळ्यात मोठं नुकसान म्हणजे पुरावा नाहीसा होतो. बंद करण्याआधी दोन मिनिटं काढून प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्कची माहिती असलेलं पान छापलं असतं, तर त्यावर आजचा पत्ता दिसला असता. तो संगणकातल्या प्रिंटर प्रॉपर्टीजमधल्या पोर्टच्या पत्त्याशी ताडून बघितला की दोन आकडे जुळत नाहीत हे शाळकरी मुलालाही कळेल. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर अर्थ आणखी सरळ आहे: त्या यंत्राला राउटरकडून पत्ता मिळालाच नाही, त्याने स्वतःच एक मानून घेतला आहे. मग वायर निघाली आहे का, वायफायचा पासवर्ड बदलला आहे का, एवढंच बघायचं.

‘कमांड प्रॉम्प्ट’च्या काळ्या खिडकीत ‘पिंग’ लिहून प्रिंटरचा पत्ता टाकणं ही तपासणी बऱ्याच जणांना माहीत असते, पण तिच्यात एक खाच आहे. उत्तर आलं म्हणजे प्रिंटरच बोलला असं नाही. तो पत्ता ज्या मोबाईलकडे गेला असेल तोही उत्तर देईल. म्हणून तोच आकडा ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाकून बघावा. नेटवर्कवर चालणाऱ्या बहुतेक प्रिंटरचं स्वतःचं एक पान असतं, त्यावर मॉडेलचं नाव आणि शाईची पातळी दिसते. ते उघडलं तर वाट शाबूत आहे. मग अडचण संगणकातल्या प्रिंटच्या रांगेत किंवा ड्रायव्हरमध्ये. विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन ‘प्रिंट स्पूलर’ थांबवून पुन्हा चालू करावा. रांगेत अडकलेलं काम निघतच नसेल तर स्पूलर थांबलेला असतानाच सिस्टम३२ मधल्या ‘स्पूल’ फोल्डरातल्या ‘प्रिंटर्स’मध्ये साठलेल्या फायली काढून टाकाव्यात. पान उघडतंय, छपाईही होतेय, तरी संगणक हट्टाने ‘ऑफलाइन’ म्हणतोय, असंही होतं. तेव्हा पोर्टच्या सेटिंगमध्ये ‘एसएनएमपी स्टेटस’ची खूण काढली की बहुधा भागतं.

कायमचा उपाय राउटरच्या सेटिंगमध्ये आहे. तिथे ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा ‘स्टॅटिक लीज’ अशा नावाचं एक पान असतं. प्रत्येक नेटवर्क यंत्राला कारखान्यातूनच एक मॅक क्रमांक मिळालेला असतो. तो प्रिंटरच्या मागच्या चिठ्ठीवर किंवा छापलेल्या माहितीपानावर सापडतो. वायरचा आणि वायफायचा मॅक वेगळा असतो, म्हणून प्रिंटर ज्या मार्गाने जोडला आहे त्याचाच घ्यायचा. त्या क्रमांकापुढे एक पत्ता लिहून ठेवला की राउटर तो दुसऱ्या कोणाला देत नाही आणि ही नोंद लाईट गेल्यावरही टिकते. इंटरनेट कंपनीने दिलेल्या काही राउटरवर हे पान बंद असतं. तेव्हा पत्ता प्रिंटरमध्येच हाताने घालावा, मात्र राउटर वाटतो त्या पट्ट्याबाहेरचा. राउटर १०० ते १९९ वाटत असेल तर प्रिंटरला ५० द्या. पट्ट्याच्या आतला घेतला तर राउटर तोच आकडा एखाद्या दिवशी दुसऱ्याला देऊन बसेल आणि दोघंही अडतील. सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि हजेरीचं मशीन बसवणारी माणसं पुष्कळदा असेच मनाला येतील ते पत्ते घालून जातात, तेव्हा तेही तपासून घ्यावेत. एवढं झाल्यावर प्रत्येक संगणकावर प्रिंटर नव्याने जोडताना ‘टीसीपी/आयपी पत्त्याने जोडा’ हा पर्याय निवडायचा. विंडोजने आपोआप जोडलेला प्रिंटर बऱ्याचदा ‘डब्ल्यूएसडी’ नावाच्या पोर्टवर बसतो. तो पोर्ट प्रिंटरला हाक मारून शोधतो, आणि हाकेला ओ आली नाही की प्रिंटर समोर चालू असूनही ऑफलाइन ठरतो.

याच्या जोडीला राउटरला छोटा यूपीएस लावावा. राउटरला वीज अगदी थोडी लागते, त्यामुळे हातात मावणारा डीसी यूपीएसही त्याला बराच वेळ पुरतो. कार्यालयात इन्व्हर्टर असेल तर राउटर आणि स्विच दोन्ही त्यावर घ्यावेत. गावठाणातली लाईट तासात तीनदा गेली-आली तरी राउटरची पाटी कोरी होत नाही. लेझर प्रिंटर मात्र लहान यूपीएसवर कधीही लावू नये. कागदावर टोनर वितळवायला तो काही क्षण इतका करंट ओढतो की यूपीएस बसतो आणि त्याच्यावरचे संगणकही घेऊन बसतो.

काही कार्यालयांत पत्ता बांधूनही प्रिंटर अर्ध्या लोकांना दिसत नाही, आणि तिथे बहुधा दोन राउटर असतात. फायबरच्या जोडणीबरोबर एक पेटी आलेली असते. तिचा वायफाय आतल्या खोलीत पोचत नाही म्हणून बाजारातून दुसरा राउटर आणून त्याच्या ‘वॅन’ भोकात वायर खोचली जाते. नेट चालतं, सगळे खूश होतात, पण कार्यालयात आता दोन वेगळी नेटवर्कं झालेली असतात. आतल्या राउटरवरच्या संगणकाला बाहेरचा प्रिंटर आपोआप सापडत नाही आणि बाहेरच्याला आतला मुळीच सापडत नाही. दोन संगणकांचे पत्ते शेजारी लिहून बघा: एकाचा १९२.१६८.१ ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने सुरू होत असेल तर निदान झालं. दुसरा राउटर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोडवर टाकावा. तशी सोय नसेल तर त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्या राउटरच्या मालिकेतला पण वेगळा ठेवावा, त्याची पत्तेवाटणी बंद करावी आणि वायर ‘लॅन’ भोकात लावावी. येणाऱ्या-जाणाऱ्याला ओटीपीसाठी वायफाय द्यावा लागत असेल तर ‘गेस्ट’ नेटवर्क चालू करून त्याचाच पासवर्ड द्यावा. गेस्टवरून प्रिंटर दिसत नाही ही त्याची खोट समजू नये, तो त्यासाठीच असतो. फक्त कर्मचाऱ्याचा मोबाईल चुकून त्यावर गेलेला नाही ना, हे बघावं.

इथवर प्रिंटर स्वतः नेटवर्कवर आहे असं धरलं. अनेक ठिकाणी तो यूएसबी वायरने एका संगणकाला जोडलेला असतो आणि बाकीचे त्या संगणकामार्फत छापतात. ही व्यवस्था दिवसेंदिवस अवघड होत चालली आहे. जुलै २०२१ मध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधला ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने गाजलेला दोष उघड झाला. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टने छपाईची दारं एकामागून एक घट्ट केली आणि सप्टेंबरच्या अपडेटनंतर अशा सामाईक प्रिंटरवर ‘११बी’ने संपणारा एरर सर्वत्र दिसू लागला. त्यावर यूट्यूबवर मिळणारे उपाय दोन: अपडेट काढून टाका, नाहीतर रजिस्ट्रीत एक आकडा शून्य करा. दोन्ही चालतात, कारण दोन्ही ती घट्ट केलेली दारं पुन्हा सताड उघडतात. त्यापेक्षा सगळ्या संगणकांचे अपडेट एका पातळीवर आणावेत, आणि प्रिंटरला लॅनचं भोक किंवा वायफाय असेल तर त्या मधल्या संगणकाची मध्यस्थीच काढून टाकावी. मालकाचा संगणक झोपला म्हणून बाकीचे खोळंबले, हा प्रकारही त्याबरोबर जातो. यूएसबीशिवाय पर्यायच नसेल तर त्या संगणकाचं आपोआप झोपणं बंद करावं आणि त्याचं नेटवर्क ‘पब्लिक’ऐवजी ‘प्रायव्हेट’ आहे ना ते बघावं. राउटर बदलला की विंडोज ते नवं नेटवर्क समजतं आणि पुष्कळदा ‘पब्लिक’ धरून शेअरिंग बंद करतं.

स्कॅनिंगचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे, कारण तिथे प्रिंटर संगणकाच्या फोल्डरात फाईल टाकायला जातो आणि संगणक त्याला ओळख विचारतो. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला तो एसएमबी-१ या जुन्या शेअरिंग पद्धतीतल्या भोकातून. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून नव्याने टाकलेल्या विंडोज १० मध्ये ही पद्धत आपोआप चालू ठेवणं मायक्रोसॉफ्टने बंद केलं. विंडोज ११ च्या २०२४ मधल्या आवृत्तीने प्रो संगणकांवर पासवर्डविना शेअर उघडणंही बंद केलं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यामुळे कार्यालयं नवे संगणक घेत आहेत, आणि नवा संगणक आला की जुन्या मशीनवरून स्कॅन येणं थांबतं ते यामुळे. ‘एसएमबी-१ चालू करा, फायरवॉल बंद करा, फोल्डर एव्हरीवनला द्या’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील. आक्षेप असाही येईल की आमच्यासारख्या छोट्या केंद्रात कोण घुसणार आहे. वॉनाक्रायने कार्यालयाचा आकार बघितला नव्हता. उघडं भोक दिसेल तिथे तो आपोआप शिरत होता. आणि त्या फोल्डरात असतं काय? शेकडो लोकांची आधार कार्डं, पासबुकं, सातबारे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर तर हा निष्काळजीपणा निव्वळ तांत्रिक राहिलेला नाही. मशीनमध्ये नवं फर्मवेअर टाकून एसएमबी-२ मिळतं का ते आधी बघावं. न मिळाल्यास संगणकावरच्या स्कॅनिंग सॉफ्टवेअरने कागद ओढून घ्यावा, ते जमत नसेल तर पेनड्राइव्हवर स्कॅन करावं.

यातली सगळ्यात साधी आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट पासवर्डची आहे. स्कॅन बसवताना मशीनमध्ये कोणाच्या तरी विंडोज खात्याचा पासवर्ड भरलेला असतो. ती व्यक्ती सहा महिन्यांनी पासवर्ड बदलते, मशीनला कोणी सांगत नाही, आणि सगळे वायर तपासत बसतात. संगणक उघडायचा चार आकडी पिन मशीनमध्ये भरूनही काही होत नाही. शेअरिंगला खात्याचा खरा पासवर्डच लागतो. म्हणून फक्त स्कॅनसाठी एक वेगळं स्थानिक खातं काढावं, त्याला त्या एकाच फोल्डरात लिहिण्याची परवानगी द्यावी आणि त्याचा पासवर्ड माणसांच्या पासवर्डांपासून वेगळा ठेवावा.

एवढं करण्यापेक्षा तंत्रज्ञ बोलावणं सोपं, असं वाटणं साहजिक आहे. जिथे खरंच यंत्र बिघडलं आहे तिथे तो बोलवावाच. पण परंडा, भूम किंवा लोहाऱ्याला तो बार्शीहून, लातूरहून किंवा सोलापूरहून येणार असेल तर रांगेतल्या माणसाचा दिवस गेलाच. आणि आल्यावरही ‘सगळ्यांना की एकालाच’ हाच त्याचा पहिला प्रश्न असेल. त्याचं उत्तर फोनवर देता आलं तर निम्मं काम तिथेच होतं. प्रत्येकाला वेगळा स्वस्त प्रिंटर घेऊन द्यावा, हा दुसरा पर्याय दोन टेबलांच्या कार्यालयात मला खरोखर मान्य आहे. तिथे नेटवर्कचा खटाटोप कशाला. चार टेबलांपुढे मात्र चार जातींची शाई, चार ड्रायव्हर आणि चार ठिकाणी अडकणारे कागद, असा हिशेब उलटा पडतो.

मेघगर्जनेच्या दिवसांसाठी एक सूचना. वळवाच्या पावसात मराठवाड्यात विजा फार पडतात आणि दोन इमारतींमध्ये उघड्यावरून टाकलेली तांब्याची लॅन वायर त्या धक्क्याला स्विचपर्यंत आणते. सकाळी स्विचचे दोन-तीनच दिवे मेलेले दिसले आणि त्याच भोकांवरचे संगणक बंद असले तर वायर दुसऱ्या भोकात लावून बघा. चाललं तर भोक जळलं आहे. इमारतींमध्ये फायबर टाकावी किंवा बिनतारी जोडणी घ्यावी, आणि अर्थिंग खरंच आहे की नुसती तिसरी पिन आहे ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावं.

राहिला प्रश्न हे सगळं सांभाळायचं कोणी. सामाईक प्रिंटर म्हणजे बारभाईंचा कारभार. कागद संपला तर पाचजण ओरडतात आणि पत्ता कोणालाच माहीत नसतो. म्हणून एक शंभर पानी वही आणि तिच्यासाठी एकच नाव ठरवावं, मग तो संगणक परिचालक असो की लिपिक. वहीत प्रत्येक यंत्राचं मॉडेल, मॅक आणि पत्ता, राउटरचा स्वतःचा पत्ता आणि तो वाटतो तो पट्टा, इंटरनेट कंपनीचा ग्राहक क्रमांक आणि केलेल्या प्रत्येक बदलाची तारीख लिहावी. राउटरचा पासवर्ड वहीत न लिहिता बंद पाकिटात कार्यालयप्रमुखाकडे द्यावा. प्रिंटरच्या अंगावर त्याचा पत्ता ठळक चिकटवावा. राउटर बदलला तर हे सगळं वाया जाईल, ही शंका रास्त आहे. त्यावर इलाज असा की नव्या राउटरला जुन्याचाच पत्ता आणि पट्टा वहीतून बघून द्यायचा आणि आरक्षित पत्ते पुन्हा भरायचे. मग कुठल्याच संगणकाला हात लावावा लागत नाही. ही कामं मे महिन्यातल्या एखाद्या शनिवारी उरकावीत. झाली की संगणक नीट बंद करून राउटरसकट सगळ्याची वीज मुद्दाम काढावी, पाच मिनिटांनी द्यावी, दोघा-तिघांचे मोबाईल प्रिंटरच्या आधी वायफायला जोडावेत आणि मग प्रत्येक टेबलावरून एकेक पान छापून बघावं. ज्या टेबलावरून पान आलं नाही, त्या संगणकाच्या पोर्टमध्ये अजून जुना पत्ता असणार.